वकीलपत्र

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. मी ती चाळीस वर्षं रोज चढलो, तेव्हा माझ्या शहाणपणाबद्दल काय समजायचं ते तुम्ही समजा. आज मला बोलायचं आहे ते दीडशे वर्षांपूर्वीच्या दोन वकिलांबद्दल. पण त्यांची आणि माझी ओळख ज्या प्रसंगाने झाली, तो आधी सांगतो. त्यात माझी शोभा होण्यासारखं काही नाही.

१९८६ सालची गोष्ट. मी एका जिल्ह्याच्या गावी नवा नवा वकील होतो. सनद मिळून तीन वर्षं झाली होती, आणि स्वतःचं म्हणावं असं एकही मोठं काम हाती नव्हतं. आमच्या गावातल्या एका डॉक्टरांचा रात्री घरात शिरून खून झाला. डॉक्टर गरिबांकडून पैसे न घेणारे, साऱ्या गावाचे लाडके. दुसऱ्या दिवशी गावात कडकडीत बंद पाळला गेला. त्यांच्या बागेत काम करणारा एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा आणि त्याचा थोरला भाऊ, असे दोघे पकडले गेले. त्या संध्याकाळी बाररूममध्ये सभा झाली आणि एकमताने ठरलं, की या आरोपींचं वकीलपत्र कोणीही घ्यायचं नाही. मी सगळ्यांत ज्युनियर आणि माझं अक्षर बरं, म्हणून ठराव मी लिहून काढला. खाली सह्या झाल्या. माझीही झाली. खरं सांगतो, तेव्हा मला त्यात काही गैर वाटलं नाही. उलट आपण गावासाठी काहीतरी केलं, असं वाटून त्या रात्री मला शांत झोप लागली.

तीन-चार महिन्यांनी सेशन कोर्टात केस उभी राहिली. जजसाहेबांनी विचारलं, "आरोपींतर्फे कोण?" कोर्टात पंधरा-वीस वकील बसलेले. कोणी वर बघेना. आरोपीला वकील नसेल तर सेशन कोर्टाने सरकारी खर्चाने द्यावा, असा कायदा आहे. पण त्या यादीतल्या वकिलांच्या सह्याही ठरावावर होत्याच. साहेबांनी पुन्हा विचारलं. तेव्हा मागच्या बाकावरून आमचे सीनियर उठले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. वय पासष्टीच्या पुढे, काळा कोट खांद्यावर विटलेला. म्हणाले, "मी आहे, साहेब." आणि माझ्याकडे वळून, अगदी रोजच्या आवाजात, "जा रे, एक वकीलपत्राचा फॉर्म घे आणि दोघांच्या सह्या घेऊन ये."

मी गेलो. फॉर्म हातात धरून त्या दोघांपुढे उभा राहिलो. धाकट्याला सही येत होती. त्याने पेन हातात घेतलं आणि विचारलं, "साहेब, किती पैसे पडतील?" मला उत्तर देता आलं नाही.

ठरावाच्या दिवशी अण्णा दुसऱ्या तालुक्याला साक्षी नोंदवायला गेले होते, त्यामुळे त्यांची सही त्यावर नव्हती. परत आल्यावर कोणीतरी वही पुढे केली, तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि "बघू" म्हणाले, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो आणि जरा चढ्या आवाजात विचारलं, "अण्णा, सगळं गाव एका बाजूला आणि आपण एका बाजूला, हे कशासाठी?" अण्णांच्या बैठकीच्या खोलीत एक जुनी तसबीर होती. मी ती तीन वर्षं पाहत होतो आणि त्यांच्या आजोबांची असेल असं समजत होतो. अण्णा म्हणाले, "हे गणेश वासुदेव जोशी. सार्वजनिक काका. वासुदेव बळवंतांचं वकीलपत्र कोणी घेतलं होतं, ठाऊक आहे तुला?"

मला ठाऊक नव्हतं. वासुदेव बळवंत फडके शाळेच्या पुस्तकात होते, पण त्यांच्यासाठी कोर्टात कोणी उभं राहिलं असेल, हा विचारही मनात आला नव्हता. आपल्याकडे इतिहासात खटले असतात, शिक्षा असतात, वकील मात्र नसतात. त्यानंतर मिळेल तसं मी या माणसाबद्दल वाचत गेलो. आज जे सांगतो आहे, ते त्या वाचनातलं.

गणेश वासुदेव जोशी यांचा जन्म १८२८ सालचा, साताऱ्याचा. पुण्यात येऊन ते वकील झाले. त्या वेळी पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या. पेशव्यांनी बांधलेलं देवस्थान, खर्चाला सरकारातून रक्कम यायची, आणि व्यवस्था पाहणाऱ्या पंचांवर लोक नाराज. साधं गाऱ्हाणं होतं. आजही प्रत्येक गावच्या देवळाबद्दल असं काहीतरी चालूच असतं. पण गाऱ्हाणं सरकारपुढे मांडायचं कोणी? दहा माणसं अर्ज घेऊन गेली तर साहेब विचारणार, तुम्ही कोण? तुम्हाला कोणी पाठवलं?

या प्रश्नाचं उत्तर जोशींनी वकिलाच्या पद्धतीने दिलं. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. सभासद व्हायचं तर नुसती वर्गणी भरून चालायचं नाही. निदान पन्नास सज्ञान माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. या पन्नास जणांच्या वतीने बोलायचा मला अधिकार आहे, असं त्या कागदाने सिद्ध करायचं. सुरुवातीला असे पंचाण्णव सभासद झाले आणि त्यांच्यामागे सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. औंधचे पंतप्रतिनिधी सभेचे अध्यक्ष झाले. काँग्रेस त्यानंतर पंधरा वर्षांनी जन्माला आली. मत देण्याचा अधिकार सामान्य माणसाला मिळायला तर अजून किती काळ जायचा होता! निवडणूक हा शब्द लोकांच्या कानावरही नव्हता, तेव्हा पुण्यातल्या एका वकिलाने आपल्या धंद्यातला एक साधा कागद उचलला आणि त्यातून लोकप्रतिनिधी तयार केले.

वकीलपत्र काय असतं, ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. छापील अर्धा ताव. वर कोर्टाचं नाव, खाली पक्षकारांची नावं, स्टँप. 'अमुक वकिलांनी माझ्या वतीने काम चालवावं, त्यांनी केलेलं मला मान्य असेल' अशा अर्थाचा मजकूर, खाली पक्षकाराची सही आणि वकिलाची मान्यतेची सही. हा कागद नसेल तर मोठ्यातला मोठा वकीलही कोर्टात नुसता प्रेक्षक. आणि हा कागद असेल तर अर्ध्या तासापूर्वी ओळख झालेल्या माणसाच्या आयुष्याची गोष्ट आपली होते. जोशींना 'सार्वजनिक काका' हे नाव सभेमुळे पडलं. मला वाटतं, त्या नावाचा अर्थ एवढाच होता, की या माणसाने सार्वजनिक गोष्टींचं वकीलपत्र घेतलं आहे.

आता, हे सहा हजार लोक कोण होते? सरदार, इनामदार, सावकार, पेन्शनर, शाळामास्तर, वकील. जोतीराव फुल्यांनी या सभेवर कडक टीका केली. नाव सार्वजनिक, पण त्यात शेतकरी कुठे आहेत, महार-मांग कुठे आहेत, असा त्यांचा सवाल होता आणि तो रास्त होता. ज्यांच्या सह्या त्या मुखत्यारपत्रांवर नव्हत्या, त्यांची संख्या सह्या असलेल्यांपेक्षा कितीतरी मोठी होती. काकांचं कौतुक करताना हे झाकून ठेवायचं कारण नाही. पण पुढे दुष्काळात ही सभा त्या न सही केलेल्या माणसांपर्यंतही पोचली, तेही खरं आहे.

त्याआधी त्यांच्या दोन-तीन उद्योगांबद्दल सांगायला हवं, कारण वकील मंडळींना ते फारसे आवडणारे नाहीत. काकांनी लवाद कोर्टं काढली. दोन्ही पक्षांनी आपापसात पंच मान्य करायचे, आपली भांडणं त्यांच्यापुढे न्यायची आणि तिथेच मिटवायची. स्टँप नाही, वकिलाची फी नाही, तारखांवर तारखा नाहीत. कोर्टाची पायरी चढू नये हे सगळेच म्हणतात. पण स्वतः वकील असून लोकांना त्या पायरीवरून परत फिरवायची व्यवस्था करणारा माणूस विरळा. आमच्या बाररूममध्ये मी एकदा हे सांगितलं तेव्हा एक ज्येष्ठ वकील म्हणाले, "म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय!" मी म्हटलं, "स्वतःच्या पोटावर म्हणूनच बरं. बाकीचे दुसऱ्याच्या देतात." असो.

स्वदेशीचंही तसंच. १८७२ च्या जानेवारीत त्यांनी देशी कापडच वापरायची शपथ घेतली आणि ती शेवटपर्यंत पाळली. स्वतः सूत कातायचे. गांधीजी तेव्हा दोन-अडीच वर्षांचे होते. १८७७ च्या जानेवारीत दिल्लीला मोठा दरबार भरला. राजेरजवाडे जरीचे पोशाख आणि जडजवाहीर घालून आले. तिथे सार्वजनिक सभेचं मानपत्र घेऊन हा वकील गेला तो जाड्याभरड्या पांढऱ्या खादीत. मानपत्रातलं मागणंही साधं होतं, की राणीच्या ब्रिटिश प्रजेला जो दर्जा आहे तो हिंदी प्रजेलाही मिळावा. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी पुण्यात स्त्री विचारवती सभा काढली आणि जातीपातीचा विचार न करता बायकांना हळदीकुंकवाला एकत्र बोलावलं. त्या काळच्या पुण्यात हे काम खादी नेसण्यापेक्षा सोपं नव्हतं.

दिल्लीत दरबार चालू होता तेव्हा इकडे दख्खनमध्ये माणसं अन्नावाचून मरत होती. १८७६ पासूनचा तो मोठा दुष्काळ. सरकारने दुष्काळी कामं काढली, रस्ते, तळी, खडी फोडणं. पण खर्च वाचवायचा म्हणून १८७७ साली मजुरांच्या रोजच्या धान्याचं माप एका पौंडापर्यंत खाली आणलं. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोपेक्षाही कमी. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाने त्यावर जगायचं. कित्येक ठिकाणी मजूर कामं सोडून निघून गेले. सार्वजनिक सभेने गावोगावी माणसं पाठवली, माहिती गोळा केली, आणि सरकारला पत्रामागून पत्रं लिहिली. कुठल्या तालुक्यात काय भाव आहे, किती लोक गाव सोडून गेले, गुरं किती मेली. न्यायमूर्ती रानडे १८७१ पासून पुण्यात न्यायाधीश होते. सरकारी नोकर असल्यामुळे त्यांना पुढे होता येत नव्हतं, पण सभेच्या लिखाणामागे डोकं बरंचसं त्यांचं. काका हिंडणारे आणि रानडे लिहिणारे, अशी ती जोडी होती. हे अर्ज वाचताना मला पुराव्याची यादी वाचल्यासारखं वाटतं. त्यात आक्रोश कमी आणि आकडे जास्त आहेत. वकिलाला माहीत असतं, की रडून साहेब हलत नाही, कागद पुढे केला तर कधी कधी हलतो.

याच दुष्काळात आणखी एक माणूस गावोगाव हिंडत होता. पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यातला कारकून, वासुदेव बळवंत फडके. रानड्यांची स्वदेशीवरची व्याख्यानं त्यांनी ऐकली होती. पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन ही शाळा काढणाऱ्या तिघांपैकी ते एक होते. म्हणजे सभा, शाळा, व्याख्यानं ही सगळी वाट ते चालून आले होते. दुष्काळात त्यांनी जे पाहिलं, त्यानंतर अर्जांवरचा त्यांचा विश्वास उडाला. त्यांनी रामोशी मंडळींना जमवलं आणि १८७९ च्या फेब्रुवारीत धामारी गावावर पहिला दरोडा घातला. पैसा उभा करायचा, फौज उभी करायची आणि इंग्रजांचं राज्य उलथायचं, असा बेत होता. मे महिन्यात दौलतराव नाईक हे त्यांचे मोठे साथीदार मारले गेले, आणि जुलैमध्ये देवर नावदगी या गावी थकलेले, तापाने फणफणलेले फडके पकडले गेले.

एकाच दुष्काळाने दोघांना हलवलं. एकाने अर्ज लिहिले, दुसऱ्याने तलवार घेतली. काकांना फडक्यांचा मार्ग मान्य नव्हता. त्यांचं सगळं आयुष्य कायद्याच्या कागदावर उभं होतं. आणि फडक्यांच्या लेखी ते अर्ज म्हणजे वेळ घालवणं.

त्यात पुण्याची त्या वेळची हवा कशी होती? १३ मे १८७९ च्या रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा पेटले. सरकारचा संशय सगळ्या शिकलेल्या पुणेकरांवर गेला. रानड्यांची आदल्या वर्षीच नाशिकला बदली झाली होती, आता त्यांना तातडीने धुळ्याला पाठवण्यात आलं. सार्वजनिक सभेकडे सरकार वाकड्या नजरेने पाहत होतंच. अशा वेळी सभेच्या कर्त्या माणसाने काय करावं? शहाणपण सांगतं, की चार महिने गप्प बसावं. सभा टिकली तर पुढे काम होईल. दंगेखोरांशी आपला संबंध नाही असं एक पत्रक काढावं आणि घरी बसावं. मी त्या जागी असतो तर हेच केलं असतं. १९८६ साली केलंच की.

फडक्यांचा खटला पुण्याच्या सेशन कोर्टात उभा राहिला, तेव्हा त्यांचं वकीलपत्र घ्यायला कोणी धजत नव्हतं असं सांगतात. ते गणेश वासुदेव जोशींनी घेतलं.

वकील म्हणून मला त्या कामाची कल्पना करवत नाही. आरोप राजाविरुद्ध लढाई पुकारण्याचा आणि दरोड्यांचा. पुरावा कसला, तर आरोपीनेच लिहिलेली रोजनिशी आणि आत्मवृत्त. श्रीशैलला असताना फडक्यांनी आपली हकिगत स्वतःच्या हाताने लिहून काढली होती, आणि तीच सरकार पक्षाच्या हाती लागली. साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते; आरोपीच्या अक्षराची काय घेणार? कोर्टाबाहेर माणसांची गर्दी, आत न्यूनहॅम नावाचे जज्ज, आणि आपल्या अशिलाचा मार्ग आपल्याला पटलेला नाही. नोव्हेंबर १८७९ मध्ये फडक्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. काका हरले.

मग अपील. मुंबई हायकोर्टात ते चालवलं महादेव चिमणाजी आपटे या वकिलांनी. आज आपटे हे नाव आपल्याला हरिभाऊंमुळे माहीत असतं. 'पण लक्षात कोण घेतो?' लिहिणाऱ्या हरिभाऊंचे महादेवराव हे चुलते. हायकोर्टातले नामांकित वकील, कमाई चांगली, सरकारदरबारी मान. त्यांना या अपिलात मिळवण्यासारखं काही नव्हतं, गमावण्यासारखं बरंच होतं. तेही अपील फेटाळलं गेलं. पुढे १८८८ साली महादेवरावांनी आपल्या कमाईतून पुण्यात आनंदाश्रम ही संस्था उभी केली. जुन्या संस्कृत पोथ्या जमवायच्या, ताडून पाहायच्या आणि शुद्ध करून छापायच्या, असं तिचं काम. आप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला जाणाऱ्यांनी कधी सवड काढून ती वास्तू जरूर पाहावी. हजारो हस्तलिखितं तिथे जपलेली आहेत. महादेवराव १८९४ साली गेले आणि नंतर हरिभाऊंनी ती संस्था सांभाळली. बंडखोराचं अपील आणि पोथ्यांचे पाठभेद, एकाच माणसाची ही दोन कामं. सुरुवातीला मला त्याची गंमत वाटायची. आता वाटत नाही. पोथीत जे खरोखर लिहिलं आहे तेच छापावं, आणि आरोपीचं जे खरोखर म्हणणं आहे ते कोर्टापुढे यावं. दोन्हीला एकाच तऱ्हेचा चिवटपणा लागतो.

फडक्यांना १८८० च्या सुरुवातीला एडनच्या तुरुंगात नेलं. तिथून त्यांनी कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उचकटून पळून जायचा प्रयत्न केला, पकडले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच वारले. पुण्यात संगम पुलाजवळ त्यांचं स्मारक आहे. त्यांचे वकील तर त्यांच्याही आधी गेले. खटल्यानंतर वर्षही झालं नव्हतं, २५ जुलै १८८० रोजी सार्वजनिक काका वारले. वय अवघं बावन्न.

अण्णांनी त्या संध्याकाळी मला हे सगळं इतक्या तपशिलाने सांगितलं नाही. त्यांनी चार वाक्यांत सांगितलं आणि वर म्हणाले, "काकांना फडके पटले नव्हते. पटलेल्या माणसाचं वकीलपत्र कोणीही घेईल. त्यात काय मोठं?" मग आतून हाक आली आणि ते जेवायला उठले.

आमच्या त्या केसचं पुढे काय झालं, हे तुम्हाला ऐकायचं असेल. अण्णांच्या घरावर एकदा दगड पडले. त्यांचे तीन-चार जुने पक्षकार 'कागद परत द्या' म्हणून आले. अण्णांनी पावती घेऊन कागद परत केले. खटल्यात पुस्तकं उचलायला मी त्यांच्याबरोबर जात होतो, म्हणजे ठरावाविरुद्ध मीच वागत होतो. पण मी फक्त पुस्तकं उचलतो, असं बाररूममध्ये सांगत होतो. इतका मी शूर!

धाकट्या मुलाला जन्मठेप झाली. हायकोर्टातही ती कायम राहिली. त्याने तो खून केला होता का? मला अजूनही वाटतं, की केला असावा. पण थोरल्या भावाविरुद्ध जो पंचनामा होता, त्यात ज्या वेळी हत्यार काढून दिलं म्हणून लिहिलं होतं, त्या वेळी पंच गावातच नव्हता. अण्णांनी उलटतपासणीत हे सावकाश, जराही आवाज न चढवता, दीड तास घेऊन बाहेर काढलं. थोरला भाऊ सुटला. त्याचं लग्न व्हायचं होतं, पुढे झालं, त्याला मुलं आहेत. ठराव पाळला गेला असता तर तो माणूस तुरुंगात म्हातारा झाला असता. ज्या कागदाने हे झालं असतं, तो माझ्या अक्षरातला होता. फीचं म्हणाल, तर तो सुटलेला भाऊ दोन वर्षं दर दिवाळीला अर्धं पोतं शेंगा आणून टाकायचा. अण्णा म्हणायचे, "फी पोचली."

कायद्यानेही पुढे ही गोष्ट मानली. वकील मिळणं ही मेहेरबानी नाही, न्याय्य पद्धतीचा तो भागच आहे, हे सुप्रीम कोर्टाने बिहारच्या कच्च्या कैद्यांच्या हुसेनआरा खातून खटल्यात म्हटलं, ते साल १९७९. फडक्यांच्या खटल्यानंतर बरोबर शंभर वर्षं. म्हणजे आम्ही ठराव केला तेव्हा हा निकाल सात वर्षं जुना होता आणि आमच्यापैकी बहुतेकांनी वाचलेला होता. वाचणं वेगळं असतं. बार कौन्सिलचा नियमही पूर्वीपासून आहे, की आपण ज्या कोर्टात काम करतो तिथलं काम, वाजवी फी मिळत असेल तर, विशेष कारणाशिवाय वकिलाने नाकारू नये. मग २०१० च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टापुढे कोइमतूरचं एक प्रकरण आलं. तिथल्या वकिलांनी पोलिसांशी झालेल्या झगड्यानंतर ठराव केला होता, की फौजदारी खटल्यात पोलिसांचं वकीलपत्र कोणी घ्यायचं नाही. कोर्टाने सांगितलं, की असे ठराव घटनेच्या, कायद्याच्या आणि वकिलीच्या नीतीच्या विरुद्ध आहेत, ते रद्दबातल समजावेत. तरी असे ठराव त्यानंतरही होत राहिले आहेत. एखादी भयंकर घटना घडते, माणसं संतापतात, आणि वकीलही माणसंच असतात. त्या संतापाला मी हसत नाही. तो मी आतून पाहिला आहे.

तो निकाल वर्तमानपत्रात वाचला तेव्हा अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी आमच्या बाररूममध्ये गेलो आणि जुन्या ठरावांच्या वह्या मागितल्या. तिथला तरुण सेक्रेटरी म्हणाला, "काका, कशाला? त्या कपाटाची किल्ली कुठे आहे तेही माहीत नाही." किल्ली सापडली. १९८६ ची वही वरच्या फळीवर होती, कडा वाळवीने खाल्लेल्या. ठराव जसाच्या तसा होता. अक्षर खरंच बरं होतं माझं. खाली सह्यांची रांग. निम्मी माणसं आता हयात नाहीत. रांगेच्या शेवटी थोडी जागा होती, बहुधा अण्णांसाठी सोडलेली.

मी त्या जागेत त्या दिवशीची तारीख घातली आणि लिहिलं, 'या ठरावावरील माझी सही मी मागे घेत आहे.' सेक्रेटरीने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, याला आता कायदेशीर अर्थ काय?" मी म्हटलं, "काही नाही." त्याने वही मिटली आणि पोऱ्याला चहा सांगितला.